भुजंगरावांची टोपली

वकिलाकडे गेलं की तो आधी कागद मागतो. माणूस बरा असला तर आधी पाणी विचारतो आणि मग कागद मागतो. आमचे भुजंगराव या दोन्हींच्या आधी तिसरंच काहीतरी विचारायचे. "माल किती दिवस टिकेल?"

समोर लोखंडाचा व्यापारी बसलेला असला तरी हेच. तो बिचारा गोंधळायचा. लोखंड टिकण्याबद्दल आजवर त्याला कोणी विचारलेलं नसायचं. "सार, लोखंड आहे ते," असं तो चाचरत म्हणायचा. "मग तू सावकाश बस. कॉफी पी," असं म्हणून भुजंगराव त्याची फाइल मागच्या कपाटात टाकून द्यायचे. पण कोणी "सार, टोमॅटो" म्हटलं, की भुजंगराव उभेच राहायचे आणि काळा कोट शोधायला लागायचे.

चेन्नईच्या हायकोर्टासमोरच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. खाली झेरॉक्सचं दुकान आणि जिन्यात कायम ओल्या छत्र्यांचा वास. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारा माल सीमेवर कोणी अडवला, त्यावर जास्तीचा कर लावला, परवाना मागितला किंवा नुसताच 'उद्या या' म्हणून उन्हात उभा केला, की त्याचे मालक हा जिना चढत. त्यांचा माल सोडवायचा, हेच भुजंगरावांचं काम. माणूस ठेंगणा, काळासावळा, कानांवर भरपूर केस. तीनएकशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तंजावरला आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी टिकली, पण ती त्यांची स्वतःची मराठी. आमच्याकडे आजीच्याही आजीने वापरले असतील असे शब्द ते तमिळच्या चालीवर बोलत. ते ऐकताना सुरुवातीला मला हसू यायचं, आणि पुढे पुढे घरी नवऱ्याशी बोलताना तीच चाल माझ्या तोंडात यायला लागली.

मी मिरजेची. दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल. नवऱ्याला चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो. माझ्याकडे वकिलीची सनद होती आणि तमिळचे दोन शब्द होते, 'वेंडाम' आणि 'पोदुम'. म्हणजे 'नको' आणि 'पुरे'. एवढ्या भांडवलावर मी सात ऑफिसांचे जिने चढले आणि उतरले. आठवा जिना भुजंगरावांचा.

"कोठलं गाव?" त्यांनी मराठीतच विचारलं. अनोळखी शहरात कोणी मराठीत 'कोठलं गाव' विचारलं की काय होतं ते ज्याचं त्याला माहीत.

"मिरज."

"मिरजेहून इकडं काय येतं?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. थोडा विचार करून म्हटलं, "तंबोरे येतात."

"वाटेत अडवतात का?"

"ते मला माहीत नाही."

"हुडक. पण तंबोरे टिकतील." मग त्यांनी मला चपलेपासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. "तू किती दिवस टिकशील म्हणून सांग."

मला राग आला. चेन्नईच्या उन्हात सात जिने झाल्यावर राग यायला फार काही लागत नाही. "माहीत नाही," मी म्हटलं. "पण कामाला आजपासून लागते."

"सेरी," ते म्हणाले. म्हणजे बरं. वर कसलीही मुलाखत नाही.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यावर उपकार करायचं ठरवलं. फाइलींचा नुसता गोंधळ होता. काही कपाटात, काही टेबलावर, आणि काही तर टेबलाखाली एका जुनाट, काळपट पडलेल्या वेताच्या टोपलीत. मी शनिवारची बसून सगळ्या फाइली अशिलांच्या नावाप्रमाणे ओळीने लावल्या. टोपली झाडून जिन्यात ठेवली. सोमवारी भुजंगराव आले, कपाट उघडलं आणि तसेच उभे राहिले.

"नावानं लावलीस?"

"हो सर."

"अगे, नाव कुजतं का?"

ते रागावले नव्हते, खरोखरच विचारत होते. मग त्यांनी अस्कं काढायला लावलं. अस्कं म्हणजे सगळं. त्यांची पद्धत अशी की लोखंड, सिमेंट, यंत्रं मागच्या कपाटात. धान्य, मिरची, कापड टेबलावर. आणि जे आज-उद्या खराब होईल ते टोपलीत. टोपली पायाशी असायची, म्हणजे बसताना उठताना तिला पाय लागणार आणि आठवण होणार. जिन्यातून टोपली मी परत आणून ठेवली तेव्हा आमचा कारकून दोरै माझ्याकडे पाहून मान हलवत होता.

टोपलीची गोष्ट दोरैनेच मला सांगितली. भुजंगराव तरुण असताना कुंभकोणमकडचा एक विड्याच्या पानांचा व्यापारी त्यांच्याकडे आला होता. त्याची पानं कुठल्याशा सीमेवर अडवली होती. भुजंगरावांनी केस घेतली आणि काय लढवली! तीन आठवडे, पाच तारखा. रोज नवा मुद्दा, रोज नवं पुस्तक. कोर्टात इतर वकील ऐकायला येऊन बसायचे. शेवटी निकाल लागला, पूर्ण बाजूने. संध्याकाळी तो व्यापारी ऑफिसात आला आणि एक टोपली टेबलावर ठेवून म्हणाला, "जिंकलात, सार. हे तुमचं." टोपलीत पानांचा काळा चिखल होता. तो नमस्कार करून गेला, तो पुन्हा आला नाही. भुजंगरावांनी टोपली स्वतः धुतली आणि पायाशी ठेवली.

या गोष्टीबद्दल ते स्वतः कधीही एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

कायदा शिकवायची त्यांची रीत अगदी घरगुती होती. एकदा दुपारी डब्यातली डांगर-पचडी माझ्या पानात वाढता वाढता त्यांनी मला संविधानातला व्यापाराचा सगळा भाग सांगून टाकला. "हे बघ. देश म्हणजे एक घर. खोल्या पुष्कळ. ह्या खोलीतलं लेंकरू त्या खोलीत गेलं तर 'कोण तू' म्हणून विचारायचं नाही. हे कलम तीनशे एक. पण त्या खोलीत कोणी आजारी निजलंय, तर दार लावायचं की नोको? लावायचंच. कडी पाहिजे. पण कडी लावायची ते घरच्यांनी बसून ठरवायचं, म्हणजे विधानसभेनं. आणि आधी वडील माणसाला विचारायचं, म्हणजे राष्ट्रपतींना. आणि कर लावायचा तर आपल्या लेंकराला एक, बाहेरच्याला एक, असं नाही. हे तीनशे चार. दारावर बसलेल्या वॉचमननं आपल्या मनानं कडी घालायची नाही. एवढंच आहे. खा."

ही वॉचमनची कडी हा त्यांचा जुना ध्यास होता. कायदा न करता खात्याच्या नुसत्या परिपत्रकाने सीमा बंद करता येते का, यावर त्यांनी चाळीस पानांचा युक्तिवाद हाताने लिहून ठेवला होता. लाल कापडात बांधलेला. वीस वर्षं ते तो खोडत आणि पुन्हा लिहीत होते. या मुद्द्यावर कोर्टाने एकदा स्पष्ट बोलावं, एवढीच त्यांची आयुष्याची इच्छा. पण हाताशी येणारी प्रत्येक केस दुसऱ्याच कुठल्या तरी बारीक कारणावर सुटायची. मग ते लाल गाठोडं पुन्हा बांधून ठेवायचे आणि म्हणायचे, "टिकतं ते. कागद आहे."

त्यांना खरेदीचा भारी सोस, पण विकत काहीच घ्यायचे नाहीत. रविवारी पत्नीला, सुंदराबाईंना, टी. नगरला घेऊन जायचे आणि दुकानादुकानांत शिरून विचारत सुटायचे, हे कुठून आलं? ह्या बांगड्या? हे कुलूप? कुठल्या रस्त्यानं? एकदा मीही बरोबर होते. साडीच्या दुकानात सुंदराबाई साडी पसंत करत होत्या आणि हे विक्रेत्याला तिचा जरीचा धागा कुठल्या राज्यातून आला ते विचारत होते. तो पोरगा रडकुंडीला आला. सुंदराबाई मला म्हणाल्या, "लग्न होलं तेव्हा मला पण असंच विचारटले. कुठल्या रस्त्यानं आलीस म्हणून." आणि साडी न घेताच बाहेर पडल्या. त्या गर्दीत भुजंगराव मात्र देव भेटल्यासारखे खूश होते. एवढ्या सगळ्या वस्तू एवढ्या लांबून इथवर पोचल्या, याचाच त्यांना आनंद.

आता माश्यांचं सांगते.

उन्हाळ्याचे दिवस. सकाळी मी ऑफिसात आले तर जिन्यात एक उंच, वाळका माणूस मांडीवर लाकडी पेटी घेऊन बसला होता. पेटीतून गुणगुण ऐकू येत होती. त्याचं नाव सेल्लय्या. तो मधमाश्या पाळायचा. फुलं जिकडे फुलतील तिकडे तो ट्रकमधून पेट्या घेऊन जायचा. त्या वर्षी शेजारच्या राज्यात सूर्यफुलावर त्याने माश्या नेल्या होत्या. मोसम संपवून परत येताना सीमेवर ट्रक अडवला. कुठल्याशा खात्याचं परिपत्रक निघालं होतं. माश्यांचा काही रोग आहे, म्हणून बाहेरून येणाऱ्या पेट्या बंद.

"पण सार, माश्या इथल्याच," सेल्लय्या म्हणाला. "जेवायला गेल्या होत्या. जाताना आमच्या आणि येताना परक्या?"

"किती दिवस टिकतील?"

सेल्लय्याने पेटीवर हात ठेवला. पेट्यांची दारं बंद करून ट्रक आदल्या संध्याकाळपासून उभा होता. मेव्हणा तिथे पेट्यांवर पाणी शिंपडत बसला होता, आणि हा एक पेटी पोत्यात लपवून बसने इथवर आला होता. दारं उघडली तर माश्या उडतील, आणि ट्रक हलला की त्यांना घर सापडणार नाही. बंद ठेवली तर उन्हात गुदमरतील. "आज रात्रीपर्यंत," तो म्हणाला. "उद्या दुपारी मी नुसत्या पेट्या घेऊन घरी जाईन." त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. शेत नव्हतं, दुकान नव्हतं. एकशेवीस पेट्या, एवढाच त्याचा संसार.

"माल दाखीव," भुजंगराव म्हणाले. माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते एक ओळ लिहीत नसत. पानांच्या केसमध्ये त्यांनी पानं एकदाही पाहिली नव्हती, असं दोरै म्हणायचा.

सेल्लय्याने पेटी टेबलावर ठेवली, आणि ठेवताना दाराला लावलेला गवताचा बोळा निसटला. पुढचं फार पटकन झालं. दोरै जिन्यात पळाला. मी टेबलाखाली, टोपलीशेजारी. माश्या पंख्याभोवती फिरू लागल्या. भुजंगराव मात्र खुर्चीत मूर्तीसारखे बसून.

"उगी बस," ते मला म्हणाले. "त्यांना पण तमिळ येत नाही. तुझ्यासारख्याच बावरल्यात."

एवढ्यात एक त्यांच्या डोळ्याच्या वर चावली. सेल्लय्याने हळूहळू, पुटपुटत, एकेकीला पेटीत घेतलं. तोवर भुजंगरावांनी टेबलाखाली मला कागद दिला आणि एका मिटलेल्या डोळ्याने मजकूर सांगायला सुरुवात केली. साडेदहाला कोर्टात तातडीची विनंती केली, आणि लंच मोशन मिळालं. म्हणजे मधल्या सुट्टीनंतर लगेच सुनावणी. जाताना त्यांनी कपाटातून लाल गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. "आज लागेल," ते म्हणाले. कारण या वेळी बारीक मुद्दा कुठलाच नव्हता. कायदा नव्हता, नुसतं परिपत्रक होतं. वीस वर्षांनी वॉचमनची कडी तिच्या शुद्ध रूपात समोर आली होती.

न्यायमूर्तींनी त्यांचा सुजलेला डोळा पाहिला. "हे काय, मिस्टर राव?"

"माल तपासताना झालं, मायलॉर्ड."

कोर्ट हसलं. मग भुजंगराव बोलायला लागले. मी त्यांना अनेकदा ऐकलं होतं, पण त्या दिवशीचं बोलणं वेगळं. आवाज चढवला नाही, पुस्तक उघडलं नाही. रोग खरा असू शकतो, राज्याला काळजी घ्यायचा हक्क आहे, हेही त्यांनीच आधी सांगून टाकलं. फक्त ती काळजी कोणी, कुठल्या वाटेने घ्यायची, एवढाच प्रश्न. वीस मिनिटांनी न्यायमूर्तींनी लेखणी खाली ठेवली. "हा मोठा प्रश्न आहे," ते म्हणाले. "याचा निकाल एकदा लागलाच पाहिजे. मी हे मोठ्या पीठाकडे पाठवतो. तुम्ही तिथे सविस्तर मांडा. पुढच्या आठवड्यात."

माझ्या मांडीवर लाल गाठोडं होतं. मला तर उडी मारावीशी वाटली.

तेवढ्यात सरकारी वकील उभे राहिले. गृहस्थ भले होते. ते म्हणाले, अर्ज मागे घेत असतील तर आजच संध्याकाळी पशुवैद्य पाठवून पेट्या तपासू आणि निरोगी तेवढ्या लगेच सोडू. अर्ज चालवायचा असेल तर मात्र निकालापर्यंत परिपत्रकाला हात लावता येणार नाही. अंतरिम हुकमाला त्यांचा विरोध राहील, आणि त्यावरची सुनावणी उद्या.

भुजंगराव वळले. मला वाटलं गाठोडं मागतायत. मी पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. मागच्या बाकावर सेल्लय्या बसला होता, त्याला यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तो नुसता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. भुजंगरावांनीही घड्याळाकडे पाहिलं.

"मागे घेतो, मायलॉर्ड."

"मिस्टर राव," न्यायमूर्ती हळू आवाजात म्हणाले, "नीट विचार केलात? अशी केस पुन्हा येईलच असं नाही."

"मी थांबेन, मायलॉर्ड. त्या थांबणार नाहीत."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी रडकुंडीला आले होते. मी भांडलेसुद्धा. उद्याची सुनावणी घेतली असती तर, काही पेट्या वाचल्याही असत्या, असं काय काय बोलले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "काही म्हणजे किती, सांग." कॅन्टीनमध्ये कॉफी मागवली तेव्हा त्यांनी लाल गाठोडं माझ्याकडून घेतलं आणि त्याची गाठ पुन्हा घट्ट केली. संध्याकाळी उशिरा मेव्हण्याचा फोन आला. अकरा पेट्या गेल्या होत्या. बाकीचा ट्रक सुटला.

पुढे काही वर्षांनी तोच मुद्दा दुसऱ्याच कोणा वकिलाने दुसऱ्या कोर्टात मांडला आणि जिंकला. आता पुस्तकात त्याचं नाव आहे. निकाल हाती आला त्या दिवशी मी भुजंगरावांच्या समोर जायला घाबरत होते. ते मात्र पेन्सिल घेऊन वाचत बसले होते. समासात जागोजागी 'बेष', म्हणजे शाबास, असं लिहिलेलं. एका ठिकाणी 'हे मला सुचलं नव्हतं' असंही. दरवर्षी सेल्लय्याकडून मधाची बाटली यायची. तो मध ते औषधासारखा एकेक चमचा खायचे आणि कुठल्या फुलाचा ते ओळखायचा प्रयत्न करायचे.

मग त्यांचं हृदय थकलं. कोर्टात येणं बंद झालं, मग ऑफिसात येणं. फाइली, दोरै आणि टोपली माझ्याकडे आली. नवऱ्याची बदली झाली ती त्याने रद्द करून घेतली, कारण आता मला इथून हलायचं नव्हतं. हे सगळं मला त्यांना सांगायचं होतं. सात जिन्यांनी नाही म्हटलं आणि तुम्ही सेरी म्हणालात, माझं जे काही झालं ते तुमच्यामुळे झालं, हे एकदा तोंडाने सांगायचं होतं. मराठी माणसाला हे एवढं अवघड का जातं कोण जाणे. एका शुक्रवारी सकाळी, कोर्टात काम नाही असं पाहून, मी मनाशी वाक्यं जुळवत मैलापूरच्या त्यांच्या घरी गेले.

ते पलंगावर उशांना टेकून होते. फार वाळले होते. सुंदराबाईंनी कॉफी आणली. मी वाक्य सुरू करणार, तोच ते म्हणाले, "टोपलीत काय आहे?"

"विशेष काही नाही. सकाळी एक जण आला होता. सीमेवर टेम्पो अडवलाय त्याचा. सोमवारी लावते."

"टेम्पोत काय?"

"फुलं."

त्यांनी डोळे पूर्ण उघडले. "फुलं? सोमवारी?"

माझा चेहरा पडला. इतक्या वर्षांनी, त्यांच्या टोपलीची मालकीण होऊन, मी फुलं सोमवारवर टाकली होती. कारण मला आभार मानायला यायचं होतं.

"किती वाजले?"

"सव्वाअकरा."

"लंच मोशन मिळेल. ऊठ."

"सर, मी तुमच्याशी जरा बोलायला..."

"मी इथं निजूनच आहे. फुलं नाहीत. ऊठ म्हणून सांगतो ना!"

"अहो, लेंकराला कॉफी तर पिऊ द्या," सुंदराबाई म्हणाल्या.

"फ्लास्कात घालून दे!"

मी फ्लास्क घेऊन जिना उतरले. फुलं त्या दुपारी सुटली, संध्याकाळी टी. नगरच्या फुटपाथवर विकलीही गेली असतील. भुजंगराव पुढच्या बुधवारी गेले. पण मला दिसतं ते हे. खाली मी ऑटोत पाय ठेवला आणि वर पाहिलं. जो माणूस महिनाभर पलंगावरून उठला नव्हता, तो एका हाताने कमरेची वेष्टी सावरत गॅलरीच्या गजाशी उभा होता आणि दुसऱ्या हाताने, कावळा हाकलावा तसा, मला हाकलत होता. मी नमस्काराला दोन्ही हात जोडले. त्यांना वाटलं मी रेंगाळतेय. ते आणखी जोरात हात हलवायला लागले.